बहात्तर चाचण्या आणि कोणीच न वाचलेले उत्तर

गेल्या नोव्हेंबरात आम्ही घरच्या तिघांनी, म्हणजे मी, माझी पत्नी आणि भोर तालुक्यातून आमच्याकडे राहायला आलेली माझी आत्या, पुण्यातील एका खासगी निदान केंद्रात ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’ या नावाने मिळणारे पॅकेज घेतले. माणशी ३,९०० रुपये आणि तिघांचे मिळून १०,५०० रुपये असा दर होता. केंद्राचे नाव देण्याचे कारण नाही. परिचितांनी आपापल्या ठिकाणच्या तपासण्यांचे जे कागद मला दाखवले, त्यांवरून पाहता नावे आणि रंग बदलतात, आतला मजकूर फारसा बदलत नाही. त्यामुळे हे परीक्षण एका दुकानापेक्षा एका प्रकारच्या सेवेचे आहे असे समजून वाचले तरी चालेल.

प्रथम जे चांगले होते ते सांगतो. सकाळी साडेसातची वेळ दिली होती आणि पावणेआठला तिघांचेही रक्त घेऊन झाले होते. रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञ मुलीचा हात विलक्षण हलका होता. आत्याच्या शिरा बारीक असल्यामुळे गावाकडे दरवेळी तिला दोन-तीनदा टोचून घ्यावे लागते, पण येथे पहिल्याच वेळी काम झाले. सुई आणि नळ्या समोर फोडून वापरल्या गेल्या. ईसीजीसाठी महिलांना वेगळी खोली आणि महिला कर्मचारी होती, सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन ताटकळावे लागले नाही, आणि उपाशीपोटीचे रक्त देऊन झाल्यावर नाश्ता मिळाला. तो साबुदाणा वडा आणि भरपूर साखरेचा चहा असा होता, ही गोष्ट जीवनशैलीविषयक सल्ला विकणाऱ्या संस्थेला शोभणारी नव्हती, पण भूक लागलेली असताना आम्हीही तक्रार केली नाही. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर आले, छापील प्रती तिसऱ्या दिवशी घरी पोहोचल्या. यंत्र, माणूस आणि वेळ यांची घडी म्हणून पाहिले तर सेवा चोख आहे.

‘बहात्तर चाचण्या’ या जाहिरातीतील आकड्याबद्दल मात्र एक खुलासा करायला हवा. रक्ताच्या एकाच नमुन्यातून यंत्र हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, त्यांचे पाच प्रकार, लाल पेशींचे आकारमान वगैरे वीसेक आकडे एका दमात काढते. त्यांतील प्रत्येक आकडा स्वतंत्र चाचणी म्हणून मोजला आहे. कोलेस्टेरॉलच्या मोजलेल्या आकड्यांना एकमेकांनी भागून मिळणारी गुणोत्तरेही यादीत चाचण्या म्हणूनच उभी आहेत. म्हणजे बाजारातून एक डाळिंब आणावे आणि दाणे मोजून दाखवावेत, तसा हा प्रकार. यात खोटे काही नाही, परंतु ग्राहकाने बहात्तर हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये.

आता मुख्य विषय. रक्त देण्याआधी प्रत्येकाला चार पानांची ‘जीवनशैली प्रश्नावली’ भरायला देतात. तिच्यातील उत्तरांना गुण देऊन शंभरपैकी एक ‘जीवनशैली निर्देशांक’ काढला जातो आणि रिपोर्टच्या मुखपृष्ठावर हिरव्या, पिवळ्या किंवा तांबड्या वर्तुळात छापला जातो. प्रश्नावलीतील पहिलाच प्रश्न असा होता: ‘तुमच्या मते तुमची प्रकृती एकंदरीत कशी आहे?’ त्याखाली उत्कृष्ट, खूप चांगली, चांगली, बरी आणि वाईट असे पाच चौकोन. मी ‘खूप चांगली’वर खूण केली, पत्नीने ‘बरी’वर, आणि आत्याने माझ्याकडून वाचून घेऊन ‘चांगली’वर. पुढे जेव्हा निर्देशांकाच्या गणिताबद्दल मी काउंटरवर विचारले, तेव्हा समजले की या पहिल्या प्रश्नाला गुण नाहीत, तो ‘केवळ माहितीसाठी’ आहे. ती माहिती कोणाला हवी आहे, हे मात्र तेथे कोणालाच सांगता आले नाही.

ही हेळसांड किती महागाची आहे, हे कळण्यासाठी त्या प्रश्नाचा इतिहास थोडा पाहावा लागतो. वरवर पाहता हा अगदी गप्पांतला प्रश्न वाटतो, पण आरोग्यविषयक सर्वेक्षणांमध्ये तो गेली कित्येक दशके विचारला जात आहे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात ज्येष्ठ नागरिकांचा काही वर्षे मागोवा घेऊन मॉसी आणि शपिरो या संशोधकांनी १९८२ मध्ये असे दाखवले की स्वतःची प्रकृती ‘वाईट’ म्हणणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ती ‘उत्कृष्ट’ म्हणणाऱ्यांच्या अडीच पटींहून अधिक होता, आणि वय, स्त्री-पुरुष हा भेद, तसेच डॉक्टरी नोंदींवरून दिसणारी प्रकृती या सर्वांचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा फरक उरत होता. त्यानंतर १९९७ मध्ये आयडलर आणि बेन्यामिनी यांनी निरनिराळ्या देशांतील २७ अभ्यास एकत्र वाचले आणि बहुतेकांचा कल तोच निघाला. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर ते पुण्यापासून फार लांब नाही. शिरूर तालुक्यातील वढू परिसरात केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र अनेक वर्षे गावोगावच्या कुटुंबांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवत आहे. तेथे पन्नाशी ओलांडलेल्या लोकांना हा प्रश्न विचारून पुढे त्यांच्यातील मृत्यूंचा माग काढण्यात आला, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रकृती वाईट आहे असे सांगणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण तेथेही अधिक आढळले. शाळेची पायरी क्वचितच चढलेल्या शेतकरी स्त्री-पुरुषांचे उत्तरही पोकळ नसते, एवढे त्यावरून ठरते.

असे का होत असावे, याची कारणे संशोधकांनी दिली आहेत ती साधीच आहेत. माणूस स्वतःबद्दल उत्तर देताना नकळत बऱ्याच गोष्टी एकत्र करतो: जिना चढताना लागणारी धाप, गेल्या वर्षीच्या तुलनेत वाढलेला थकवा, रात्री किती वेळा जाग येते, आई-वडील कोणत्या वयात आणि कशाने गेले, आपल्याला विचारणारे घरात कोणी आहे की नाही. यांपैकी बहुतेक गोष्टी रक्ताच्या नळीत उतरत नाहीत. शिवाय ज्याला आपली प्रकृती चांगली वाटते तो पायी चालतो, वेळेवर औषध घेतो, आणि ज्याला ती ढासळली असे वाटते तो पुष्कळदा हातपाय गाळतो. म्हणजे सवयींमुळे स्वतःच्या प्रकृतीबद्दलचे मत बनते आणि त्या मतामुळे पुन्हा सवयी ठरतात. जीवनशैलीची तपासणी करायची असेल तर ही गाठ जेथे बसते तेथेच हात घालायला हवा.

अर्थात हा प्रश्न मराठीत आणताना एक अडचण आहे आणि ती या प्रश्नावलीच्या रचनाकारांच्या लक्षात आलेली दिसत नाही. मूळ पाच पर्यायांच्या मापपट्टीत चौथे स्थान हे ‘यथातथा’ या अर्थाचे आहे. त्या जागी त्यांनी ‘बरी’ हा शब्द घातला. पण आपल्याकडे ‘तब्येत बरी आहे ना?’ या प्रश्नाला ‘बरी आहे’ हे उत्तर म्हणजे सारे ठीक असल्याची ग्वाही असते. तापातून उठलेला माणूस ‘आता बरा झालो’ म्हणतो तेव्हा तो स्वतःला चौथ्या पायरीवर बसवत नाही. त्यात ‘उत्कृष्ट’वर खूण करायला आमच्या पिढीतील अनेकांचा हात धजत नाही, कारण आपल्याच तोंडाने असे म्हटले तर दृष्ट लागेल ही भावना पूर्णपणे गेलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठांविषयीच्या सर्वेक्षणात खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट आणि खूप वाईट अशी मापपट्टी आहे, ती मराठीला अधिक मानवते. आत्याने तर पर्याय ऐकल्यावर ‘कशाच्या मानाने?’ असा उलट प्रश्न केला. मला तो प्रश्न त्या चार पानांतील कोणत्याही प्रश्नापेक्षा शहाणा वाटला. याच अडचणीवर उपाय म्हणून काही सर्वेक्षणांत एखाद्या काल्पनिक व्यक्तीचे वर्णन वाचून दाखवतात, तिची प्रकृती कशी म्हणाल असे विचारतात, आणि मग त्या उत्तराच्या आधारे माणसाची स्वतःबद्दलची मापपट्टी ओळखतात. एवढी अपेक्षा चार हजारांच्या पॅकेजकडून करू नये हे खरे, परंतु एक शब्द बदलायला पैसे पडत नाहीत.

आता आमच्या तिघांचे उत्तर आणि आमचे आकडे शेजारी ठेवून पाहू.

मी चोपन्न वर्षांचा आहे. गेली सहा वर्षे आठवड्यातून पाच दिवस वेताळ टेकडीवर जातो, सिगारेट-दारू नाही, आणि कार्यालयातील समवयस्कांमध्ये औषधाची गोळी न घेणारा मीच एकटा, असा मला थोडा अभिमानही होता. निर्देशांक ८१, हिरवे वर्तुळ. वजन-उंचीचे गुणोत्तर २४.६, शेजारी ‘सामान्य’ असा शेरा. मात्र मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा एचबीएवनसी ६.३, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, कारण ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहपूर्व समजला जातो. मी एकटा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक या उंबरठ्यावर आहेत. प्रश्न असा की हिरव्या वर्तुळाने मला नेमके काय सांगितले. भारतीयांसाठी २३ च्या पुढचे गुणोत्तर जादा वजनाचे मानावे असे तज्ज्ञांनी ठरवून बरीच वर्षे लोटली, तरी येथे २५ हीच सीमा धरलेली होती. कमरेचा घेर मोजलाच गेला नाही. तो मी घरी शिवणकामाच्या टेपने मोजला, ९७ सेंटिमीटर भरला. भारतीय पुरुषांसाठी ९० ही मर्यादा सांगितली जाते. टेकडी उतरल्यावर आमचा सात-आठ जणांचा कंपू खाली बसून इडली-वडा आणि दोन चहा घेतो, ही सवय प्रश्नावलीत कोठेच बसत नव्हती. ‘आठवड्यातून किती वेळा व्यायाम करता?’ याला पूर्ण गुण मिळाले आणि व्यायामाच्या पोटात दडलेली ती न्याहारी बिनबोभाट सुटली. एक चांगली सवय माणसाला आपल्या प्रकृतीबद्दल किती उदार मत बनवू देते, याचा मी स्वतः नमुना आहे.

पत्नीची गोष्ट याच्या नेमकी उलट. तिचे बहात्तरच्या बहात्तर आकडे चौकटीत होते, निर्देशांक ८४, आणि छापील शेरा ‘आपण उत्तम आरोग्याचा आनंद घेत आहात’ असा. तो वाचून ती हसली, पण ते हसणे बरे नव्हते. तिने ‘बरी’वर खूण केली होती आणि ती यथातथा याच अर्थाने केली होती. तिच्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला आहे, रात्री त्यांना दोनदा उठवावे लागते, आणि सकाळचा डबा साडेपाचला सुरू होतो. झोपेबद्दलचा प्रश्न होता, पण त्यात ‘५ ते ७ तास’ असा एकच ऐसपैस पर्याय ठेवल्यामुळे तिची तुटक पाच तासांची झोप आणि कोणाची सलग सात तासांची झोप यांना सारखेच गुण मिळाले. घरातील कामाचा श्रम ‘व्यायाम’ या रकान्यात बसत नाही आणि ‘विश्रांती’ नावाचा रकानाच नाही. आकडे चांगले आहेत ही आनंदाचीच बाब आहे, पण तिला जे वाटते आहे ते चूक आहे असा त्याचा अर्थ होत नाही. तिचे उत्तर पुढच्या दोन-चार वर्षांत तिच्या आकड्यांचे काय होऊ शकते याची आगाऊ सूचना असू शकते. एखाद्या चाणाक्ष डॉक्टरने तेवढ्या एका खुणेवर बोट ठेवून ‘असे का लिहिलेत?’ म्हणून विचारले असते, तर मला वाटते पॅकेजचे सगळे पैसे त्या एका प्रश्नात वसूल झाले असते.

आत्या अडुसष्ट वर्षांची आहे. दुखणे अंगावर काढणे हा तिच्या पिढीच्या बायकांचा जणू धर्मच आहे. ‘मला काय धाड भरलीय?’ हे तिचे तपासणीला येण्यापूर्वीचे वाक्य. तिचे हिमोग्लोबिन ९.१ निघाले. स्त्रियांमध्ये ते १२ च्या खाली असले तर रक्तक्षय समजतात, त्यामुळे हा आकडा किरकोळ नव्हे. दम लागतो का असे मी नंतर विचारले तेव्हा तिने सांगितले की विहिरीवरून येताना दोनदा टेकावे लागते, पण तिच्या वयाच्या साऱ्याजणी टेकतात. ‘कशाच्या मानाने?’ या प्रश्नाचे तिचे स्वतःचे उत्तर हे होते. जेथे सगळ्यांनाच दम लागतो तेथे दम लागणे म्हणजे आजार वाटत नाही. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये हाच मुद्दा राज्यांच्या पातळीवर मांडला होता: तेव्हा आयुर्मान सर्वाधिक असलेल्या केरळमध्ये लोक स्वतःच्या आजारांची नोंदही सर्वाधिक करत आणि आयुर्मान कमी असलेल्या बिहारमध्ये फार कमी करत, कारण आजार ओळखायलाही शिक्षण आणि दवाखाना जवळ असावा लागतो. त्यामुळे माणसाचे उत्तर ऐकायचे म्हणजे ते जसेच्या तसे खरे मानायचे, असा अर्थ कोणी काढू नये. वढूचा निष्कर्ष आणि सेन यांचा इशारा यांत विरोध नाही. एकाच गावातल्या लोकांमध्ये ‘वाईट’ म्हणणारा खरोखर संकटात असण्याची शक्यता अधिक असते. दोन भिन्न परिस्थितींतील माणसांची उत्तरे मात्र एका तागडीत तोलता येत नाहीत. भोरची आत्या आणि कोथरूडचा भाचा यांना एकाच मापाने मोजणारा निर्देशांक नेमका येथे फसतो.

आत्याच्या कागदातील दुसरी चूक त्याहून ढोबळ आहे. ती गेली पन्नास वर्षे सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. तव्यावर भाजून कुटलेली ही तंबाखू दातांना घासायची असते, आणि आमच्या भागातील कित्येक घरांत तिला व्यसन म्हणण्याची पद्धतच नाही, ती दात घासण्याची रीत मानली जाते. प्रश्नावलीत विचारले होते: ‘आपण धूम्रपान करता का?’ आत्याने अर्थातच ‘नाही’ सांगितले आणि त्या प्रश्नाचे दहापैकी दहा गुण मिळवले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले, तर धूर न होणारी तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्रात बसून जो केवळ धूम्रपानाबद्दल विचारतो, तो तंबाखू वापरणाऱ्या बहुसंख्य लोकांना सोडून देतो. हा दोष भाषांतरातून आलेला आहे, हे उघड दिसते. ज्या देशात प्रश्नावली बेतली गेली तेथे तंबाखू म्हणजे मुख्यतः सिगारेट असेल, आपल्याकडे ती मिश्री, मावा, गुटखा, जर्दा आणि पानातल्या चुन्याशेजारची चिमूट असते.

याची तुलना करण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. गावातील आशा सेविका तीस वर्षांवरील लोकांसाठी घरोघरी जाऊन एक सरकारी तपासणीपत्रक भरतात. त्या पत्रकात वय विचारतात, धूम्रपानाबरोबरच गुटखा-खैनीसारख्या पदार्थांबद्दल विचारतात, रोज दारू पिता का हे विचारतात, टेपने कमरेचा घेर मोजतात, आठवड्याला किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का हे पाहतात, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार घरात कोणाला आहे का याची नोंद करतात. एकूण गुण चारपेक्षा जास्त झाले तर त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी पाठवायचे, असा त्याचा सोपा नियम आहे. त्या पत्रकाने मला आणि आत्याला दोघांनाही पकडले असते. वय, घेर आणि माझ्या वडिलांचा मधुमेह यांमुळे मला, आणि वय व मिश्री यांमुळे आत्याला. त्याला एक पैसा पडत नाही. त्यातही स्वतःच्या प्रकृतीबद्दलचा प्रश्न नाही, हे मान्य, पण निदान विचारलेला प्रश्न वाया तरी जात नाही.

निर्देशांकाच्या मागे जो विचार आहे त्याला मी कमी लेखत नाही, कारण त्याची वंशावळ भारदस्त आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या अलमेडा परगण्यात १९६५ मध्ये ६,९२८ प्रौढांची माहिती घेण्यात आली, आणि तिच्या आधारे बेलॉक आणि ब्रेस्लो यांनी १९७२ मध्ये सात सवयींचा हिशेब मांडला: सात-आठ तास झोप, रोज न्याहारी, जेवणांच्या अधेमधे न खाणे, माफक वजन, नियमित हालचाल, धूम्रपान नसणे आणि मद्य नसणे किंवा माफक असणे. ज्यांना या सातही सवयी होत्या त्यांची शारीरिक स्थिती जवळजवळ कोणतीच चांगली सवय नसलेल्या आणि वयाने तीस वर्षांनी लहान असलेल्या लोकांसारखी दिसली. हे वाक्य पुढे पुष्कळ ठिकाणी उद्धृत झाले, पण त्या अभ्यासातील शारीरिक स्थिती हीसुद्धा लोकांनी स्वतः भरून दिलेल्या उत्तरांवरून ठरवलेली होती, याकडे सहसा लक्ष जात नाही. म्हणजे सवयींची ही गुणपत्रिका जन्मली तीच मुळी माणसाने स्वतःबद्दल दिलेल्या माहितीच्या कुशीत. पुढील पाठपुराव्यात न्याहारी आणि अधेमधे खाणे या दोन सवयींचा मृत्यूदराशी ठोस संबंध उरला नाही, बाकी पाच टिकल्या. आमच्या केंद्राच्या प्रश्नावलीत मात्र न्याहारीला तब्बल आठ गुण आहेत. संकष्टी चतुर्थी आणि एकादशी पाळणाऱ्या आत्याचे त्यातले तीन कापले गेले.

यानंतर ‘तज्ज्ञ डॉक्टरांशी सल्लामसलत’ हा पॅकेजचा शेवटचा भाग. डॉक्टर तरुण, सभ्य आणि कामात बुडालेले होते. तिघांना मिळून एकोणीस मिनिटे मिळाली, हे मी घड्याळ पाहून सांगतो. त्यांच्या समोरच्या पडद्यावर केवळ चौकटीबाहेरचे आकडे तांबड्या अक्षरांत येत होते. प्रश्नावली त्या पडद्यावर येतच नव्हती, त्यामुळे ती न वाचण्याचा दोष त्यांना देता येत नाही. पत्नीच्या वेळी पडद्यावर तांबडे काहीच नसल्याने तिला दोन मिनिटांत ‘छान आहे, असेच चालू ठेवा’ म्हणून मोकळे केले. काय चालू ठेवायचे, हे तिने घरी येऊन मला विचारले.

आहाराचा तक्ता हा सर्वांत दुबळा भाग होता. ओट्स, ब्राउन राइस, ऑलिव्ह तेल, ग्रीक दही. आत्याच्या तक्त्यात तर सकाळी बदामाचे दूध लिहिले होते, तेही घरी दोन म्हशी बांधलेल्या बाईला. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, कुळीथ, अळीव, शेपू, पालक यांचा उल्लेख नाही. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला की अन्नातील लोह अंगी कमी लागते, ही साधी गोष्ट रक्तक्षय असलेल्या बाईला सांगायला हवी होती, ती आमच्या गल्लीतील जुन्या डॉक्टरांनी सांगितली.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत केंद्राकडून आम्हाला सात दूरध्वनी आले. पत्नीने ‘बरी’ का लिहिले हे विचारण्यासाठी त्यांतील एकही नव्हता. कर्करोगाच्या ‘मार्कर’ चाचण्यांचे सवलतीतील जोडपॅकेज घ्या, असा सगळ्यांचा आग्रह होता. कोणतीही तक्रार नसलेल्या माणसाने अशा रक्तचाचण्या सरसकट करून घेऊ नयेत, कारण खोट्या घंटा वाजून नसती धावपळ होते, हे आमच्या डॉक्टरांचे मत मी शेवटच्या फोनवर ऐकवले, तेव्हा ते थांबले.

पॅकेज घ्यावे की नाही, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे आहे. चाळिशीनंतर ज्यांनी एकदाही रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन तपासलेले नाही, त्यांच्यासाठी ही सोय चांगली आहे. माझी साखर आणि आत्याचे रक्त या दोन्ही गोष्टी येथेच कळल्या आणि त्याबद्दल मी केंद्राचा ऋणी आहे. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यांना प्रतिबंधात्मक तपासणीसाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, आणि तपासणीचे पैसे रोख दिले तरी ती मिळते, तेव्हा पावती जपून ठेवावी. मात्र मुखपृष्ठावरील निर्देशांकाकडे पाहूच नये. प्रश्नावली भरताना तिची छायाप्रत किंवा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा, कारण मूळ प्रत परत मिळत नाही, आणि रिपोर्टबरोबर ती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावी. आमच्या गल्लीतील डॉक्टरांनी तेच केले. आकडे बाजूला ठेवून त्यांनी तिन्ही कागदांवरचे पहिले उत्तर वाचले आणि सर्वांत आधी पत्नीला खुर्ची पुढे घ्यायला सांगितले. तिच्याशी ते पंचवीस मिनिटे बोलले, शुल्क ३०० रुपये. त्यानंतर रात्रीच्या दोनपैकी एक पाळी माझ्याकडे आली आणि आठवड्यातून चार दिवस तिच्या वडिलांसाठी मदतनीस ठेवला.

मार्चमध्ये आम्ही पॅकेज न घेता त्याच केंद्रात मोजक्या चाचण्या सुट्या करून घेतल्या, तिघांच्या मिळून १,१४० रुपयांत. माझा एचबीएवनसी ६.० वर आला आहे, इडली-वडा रविवारपुरता राहिला आहे. आत्याचे हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी ११.२ झाले, मिश्री सकाळची सुटली आहे, संध्याकाळची सुटलेली नाही. सुट्या चाचण्यांबरोबर प्रश्नावली देत नाहीत. पत्नीने काउंटरवर ती मुद्दाम मागून घेतली, पहिला प्रश्न भरला आणि कागद पर्समध्ये ठेवला. कोणत्या चौकोनात खूण केली ते तिने अजून मला दाखवलेले नाही.